दाखल क्रमांक

सकाळी सातच्या सुमारास भोसले घाटावर पंप सुरू झाला आणि मला आमच्या वाचनालयाचा वास आला.

गंगेचं पाणी उतरून बरेच दिवस झाले होते, तरी खालच्या पायऱ्या अजून गाळाखालीच होत्या. दोघं जण जाड पाइप खांद्याला लावून उभे होते आणि नदीचंच पाणी नदीच्या गाळावर सोडत होते. गाळ आधी नुसता चमकायचा. मग त्याला भेग पडायची, एक मोठं ढेकूळ सुटून खाली घसरायचं आणि त्याच्या मागून दगडाची स्वच्छ कड दिसू लागायची. पुराच्या गाळाला मातीचा वास नसतो. पहिल्या पावसाच्या त्या वासाशी याचं काही नातं नाही. यात कुजलेला पाला असतो, गंजलेलं लोखंड असतं, कुणाच्या तरी घरातलं सांडलेलं रॉकेल असतं. एकदा तो नाकात बसला की सहा वर्षांनी, हजाराहून अधिक किलोमीटरवर, दुसऱ्या नदीच्या काठीही ओळखू येतो.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. वाचनालय शासनाच्या यादीत तालुका ‘ब’ वर्गातलं. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या कार्यकारिणीवर गेले. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी वाचनालयात शिरलं आणि पाच दिवस मुक्काम करून गेलं. तेव्हापासून वाचलेली पुस्तकं एका मंगल कार्यालयाच्या माळ्यावर पोत्यांत आणि खोक्यांत आहेत. इमारत तीच ठेवली. दगडी भिंती चांगल्या होत्या. आतली फरशी अडीच फूट उचलली, वर एक मजला चढवला, छप्पर बदललं. देणग्या जमतील तसतसं काम पुढे सरकलं, म्हणून इतकी वर्षं लागली. आता रंग वाळतो आहे. दिवाळी झाली की पहिला टेम्पो निघायचा आहे. मधल्या दिवसांत जाऊबाईंची राहून गेलेली काशी करावी म्हणून आम्ही दोघी आलो. कोजागिरी झाली की उत्तरेकडे कार्तिक लागतो. जाऊबाई पहाटे स्नानाला गेल्या की मी घाटाघाटानं चालत इथं येऊन बसते.

पूर ओसरल्यावर वाचनालयाचं दार उघडलं तो दिवस मला अजून नीट सांगता येत नाही. लोकांना वाटतं पुस्तक पाण्यात भिजतं. ते भिजतं तसं फुगतंही. दाबून लावलेल्या रांगेतलं प्रत्येक पुस्तक फुगलं की सगळी रांग एक होते, मांडणीचे पत्रे वाकतात, आणि एकही पुस्तक ओढून निघत नाही. आम्ही सुताराकडून कटावणी आणली. लाकडी कपाटांची दारं फुगून बसली होती, ती बिजागऱ्यांपासून काढावी लागली. दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे होते, त्यांची गुळगुळीत रंगीत पानं एकमेकांना अशी चिकटली की अंकाची वीट झाली. ती उघडायला गेलं की पान न सुटता चित्राचं कातडं सोलून यायचं. जुन्या साध्या कागदाची पुस्तकं त्यामानानं चिवट निघाली.

दहावीची मुलं आली होती. दारापासून रस्त्यापर्यंत रांग करून ती चिखलातली पुस्तकं हातोहात बाहेर देत होती. इटलीत फ्लॉरेन्सला ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदी राष्ट्रीय ग्रंथालयात शिरली, तेव्हा देशोदेशीचे तरुण असेच रांगा करून उभे राहिले. तिथले लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणतात. आमच्या मुलांना कुणी काही म्हटलं नाही, पण त्यातल्या प्रत्येकाचा चेहरा मला आठवतो. आमच्या पुराच्या त्याच आठवड्यात सांगलीचं १८६९ सालचं नगर वाचनालयही पाण्यात होतं. चिपळूणच्या १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरानं तर हे २००५ साली भोगलं आणि २०२१ साली पुन्हा भोगलं. नदीकाठच्या गावांनी वाचनालयंही नदीकाठीच काढली, कारण गाव तिथंच होतं.

वाचवता येतील ती पुस्तकं आम्ही शाळेच्या व्हरांड्यात उभी केली. पानं पंख्यासारखी उघडायची, दर पंधरा-वीस पानांत वर्तमानपत्राचा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. उन्हात ठेवायचं नाही. उन्हात पुठ्ठा वाकडा होतो. वर्तमानपत्रं त्याच आठवड्याची होती. महिन्याभरानं पुस्तकं वाळली तेव्हा पाहिलं, तर ओल्या पानांवर छापील शाई उतरली होती. एका कादंबरीच्या मधल्याच पानावर, संवादांच्या ओळींच्या खालून, आमच्याच पुराची बातमी उलट्या अक्षरांत उमटली होती. ते पुस्तक मी निर्लेखनात जाऊ दिलं नाही. ‘निर्लेखन’ हा आमच्या ग्रंथालयांच्या कारभारातला शब्द आहे: पुस्तक नोंदीतून कायमचं काढून टाकणं. शब्द जितका स्वच्छ आहे तितकं ते काम स्वच्छ नसतं.

मात्र सगळ्यात जास्त जीव लागला होता तो दाखल रजिस्टराला. पुस्तक वाचनालयात आलं की त्याला एक क्रमांक मिळतो, तोच दाखल क्रमांक. तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, कुणाकडून आलं, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पहिलं रजिस्टर शंभर वर्षांपूर्वीचं, आडव्या पानांचं. निळ्या शाईनं लिहिलेली पानंच्या पानं धुऊन गेली होती, नुसती आभाळासारखी फिकट. बॉलपेनचं अक्षर टिकलं होतं. मधली कित्येक वर्षं अशी होती की पुस्तकं हातात आहेत, पण त्यांची नोंद पाण्यानं नेली.

तिथं एक जुनी शिस्त कामाला आली. दाखल क्रमांक पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहितातच. शिवाय प्रत्येक वाचनालयाचं एक ठरलेलं आतलं पान असतं, त्यावरही शिक्का मारून क्रमांक घालतात. पहिलं पान फाटलं, कुणी फाडलं, तरी आतलं पान पुस्तक कुणाचं ते सांगतं. आमचा ग्रंथपाल माझाच विद्यार्थी. दोन वर्षं आम्ही दोघं माळ्यावर बसून एकेक पुस्तक उघडत होतो; तो आतलं पान काढून क्रमांक वाचायचा, मी नव्या रजिस्टरात त्या क्रमांकासमोर लिहायची. पुस्तकांनी आपली नोंद परत सांगितली. ज्या क्रमांकांना कुणी ओ दिली नाही, पण धुतलेल्या पानावर नाव पुसट का होईना लागत होतं, त्यांच्यासमोर मी शेरा लिहिला: पुरात गेले. असे शेरे लिहिताना हात जड होतो. शाळेतल्या हजेरीपटावर एखादं नाव कमी करताना होतो तसा.

पंप थांबला. माणसं चहाला गेली. मान वर करून घाटावरचा वाडा पाहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांनी हा घाट बांधला. वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. दक्षिणेला संकठा घाट आणि शिंद्यांचा घाट, उत्तरेला अमृतराव पेशव्यांनी बांधलेलं गणेशाचं देऊळ, पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. चालत गेलं तर अर्ध्या तासात मराठी इतिहासाची किती तरी नावं पायाखालून जातात. नागपूरचे तिसरे रघूजी १८५३ साली वारले, राज्य खालसा झालं, तिथल्या वाड्यातलं जडजवाहीर लिलावात गेलं. घाट जागेवर राहिला, नावासकट.

या वाड्याची ठेवण पाहून मला आमच्या कार्यकारिणीतली भांडणं आठवली. खालच्या अंगाला नुसती दगडी भिंत, उंचच उंच. छोट्या देखण्या खिडक्या आहेत त्या पार वर. ज्यानं हे बांधलं त्याला नदी ठाऊक होती. काशीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, ९ सप्टेंबर १९७८ रोजी पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढलं होतं. म्हणजे खालचा भाग नदीला दिलेला, माणसांचा आणि मौल्यवान वस्तूंचा वावर वर. आमच्याकडे आर्किटेक्टनं तेच सुचवलं: पुस्तकं वरच्या मजल्यावर, खाली वर्तमानपत्रांचा विभाग. ऐकायला बिनतोड. पण आमचे रोजचे वाचक साठीच्या पुढचे आहेत. ज्या आजी आठवड्याला दोन कादंबऱ्या नेतात त्यांना एकोणीस पायऱ्या चढायला लावून आम्ही पुस्तकं वाचवली, तर ती कुणासाठी वाचवली? आणि मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकानं स्वतः मांडणीपाशी जाऊन पुस्तक चाळून घेणं, ती तरी का बंद करायची? यावर तीन बैठका झाल्या. शेवटी असं ठरलं की जुने, दुर्मिळ ग्रंथ आणि संदर्भ विभाग वर. चालतं वाचन खालीच, पण मांडणीचा सगळ्यात खालचा खण कायमचा रिकामा. आणि पाणी येण्याचा इशारा मिळताच खालची पुस्तकं वर न्यायला हातानं ओढायचा एक छोटा पाळणा. मला हा तोडगा पटतो. नदीही आपली आहे आणि गुडघेदुखी असलेली आजीही आपलीच आहे.

काशीला यायचं ठरलं तेव्हा मी एक यादी वाचून निघाले होते. १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ‘कवीन्द्राचार्य-सूचिपत्र’ नावाचं लहानसं पुस्तक निघालं. त्यात गोष्ट नाही, चर्चा नाही. नुसती पोथ्यांची नावं, वेदांपासून पुढे व्याकरण, न्याय, ज्योतिष, वैद्यक अशी विषयवार, दोन हजारांहून अधिक. सतराव्या शतकात काशीत असलेल्या एका ग्रंथालयाची ती यादी. ते ग्रंथालय आता नाही. यादी आहे.

त्या ग्रंथालयाचे मालक कवींद्राचार्य सरस्वती मूळचे गोदावरीकाठचे. ऋग्वेदी घराणं, पुढे संन्यास, आणि मग काशी. शहाजहानकडे रदबदली करून त्यांनी काशी आणि प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर माफ करवला, तेव्हा देशभरच्या पंडितांनी त्यांच्यावर प्रशस्ती रचल्या. त्या प्रशस्तींचा संग्रह ‘कवीन्द्रचन्द्रोदय’ १९३९ साली पुण्यात छापला गेला. बादशहानं त्यांना ‘सर्वविद्यानिधान’ ही पदवी दिली. फ्रान्सचा वैद्य बर्निए १६६५ च्या सुमारास काशीत आला तेव्हा इथल्या सर्वांत मोठ्या पंडितानं आपल्या ग्रंथालयातच त्याचं स्वागत केलं. कमरेला पांढरं रेशमी वस्त्र, खांद्यावर तांबडं रेशमी उपरणं, असा त्या पंडिताचा वेश बर्निएनं लिहून ठेवला आहे. संस्कृत ग्रंथांनी भरलेलं एक मोठं दालन पाहिल्याचंही लिहिलं आहे. नाव मात्र दिलेलं नाही. हा पंडित म्हणजे कवींद्राचार्यच, अशी जुळणी पुण्याच्या भांडारकर संस्थेत बसून परशुराम कृष्ण गोडे यांनी लावली.

गोडे देवरूखचे, जन्म १८९१. १९१९ पासून ते भांडारकर संस्थेत हस्तलिखितांचे क्युरेटर होते आणि हयातभर तिथंच राहिले. मला या माणसाविषयी फार ओढ वाटते. पोथ्यांच्या कडेला कुणी काय खरडलं आहे, पोथी कुणाच्या हातून कुणाकडे गेली, कुठल्या साली कुठल्या गावात कोण होतं, असल्या चिमुकल्या गोष्टींवर त्यांनी शेकडो लेख लिहिले. कवींद्राचार्यांच्या पोथ्या ओळखण्याची खूण सोपी होती. पहिल्या पानावर पदवीसकट त्यांचं नाव आणि हे पुस्तक त्यांचं, अशी नोंद. ग्रंथालय फुटलं, पोथ्या पांगल्या. बऱ्याचशा बिकानेरच्या अनुप संस्कृत ग्रंथालयात जाऊन पोचल्या, काही आणखी कुठं. जिथं गेल्या तिथं ती नोंद बरोबर गेली. म्हणून अडीचशे-तीनशे वर्षांनी कुणी तरी पान उलटून म्हणू शकलं: ही काशीची, त्या यादीतली.

आमच्या आतल्या पानावरचा शिक्का याहून वेगळा काय सांगतो?

आणि त्या यादीत अशीही नावं आहेत ज्यांची पोथी कुठेच मिळालेली नाही. तो ग्रंथ होता एवढंच यादीवरून कळतं. मला पूर्वी वाटायचं की हरवलेल्या पुस्तकाची नोंद म्हणजे रिकामं खोकं. सूचिपत्र वाचताना तसं वाटलं नाही. काय होतं हे कळलं तरच काय शोधायचं हे कळतं.

पुस्तकांची स्थलांतरं या शहराला नवी नाहीत. एकनाथांनी भागवतावरची टीका पैठणला सुरू केली, पाच अध्याय झाले आणि पुढचं लेखन काशीत करून शके १४९५ च्या, म्हणजे १५७३ सालच्या, कार्तिकी पौर्णिमेला ग्रंथ पुरा केला. तो ग्रंथ इथून महाराष्ट्रात आला. तंजावरचे सरफोजीराजे, तेही भोसलेच, १८२० च्या सुमारास काशीयात्रेला आले. राजे पुण्याबरोबर पोथ्याही घेऊन परतले. त्या तिथल्या सरस्वती महालात आहेत. सरफोजी आपल्या इंग्रजी पुस्तकांवर स्वतःच्या हातानं सही करत. बर्नेल नावाच्या अभ्यासकानं त्या संग्रहाची संस्कृत सूची १८८० साली छापली, १९१८ पासून तो लोकांना खुला झाला. राज्य गेलं, राजे गेले, आणि ग्रंथालय तेवढं राहिलं, कारण कुणी ना कुणी यादी करत राहिलं.

इथलं उलट उदाहरणही डोळ्यासमोर आहे. विश्वनाथाच्या गल्लीजवळची कारमायकेल लायब्ररी १८७२ सालची. विश्वनाथ धामाच्या कामात तिची इमारत पाडली गेली. जाऊबाईंबरोबर दर्शनाला गेले तेव्हा त्या प्रशस्त फरसबंदीवर उभं राहून ती नेमकी कुठं होती याचा मी अंदाज करत राहिले. आजूबाजूला लोक श्रद्धेनं चालत होते, त्यांच्यातलीच मी एक. मनात मात्र दीडशे वर्षांच्या वाचकांचा विचार चालला होता: पावसात छत्री दाराशी ठेवून वर्तमानपत्रासाठी थांबलेले लोक.

सरस्वती भवनही बाहेरून पाहून आले. १७९१ साली निघालेल्या संस्कृत पाठशाळेचं हे ग्रंथालय, १९१४ साली या इमारतीत आलं, आणि गोपीनाथ कविराज तिथले ग्रंथपाल झाले. पंचाण्णव हजारांवर हस्तलिखितं आज तिथं आहेत. याच पाठशाळेत पुण्याकडचे बापूदेव शास्त्री गणित शिकवत. आत जायला रीतसर परवानगी लागते आणि ती असायलाच हवी. मी आवारातल्या झाडाखाली थोडा वेळ बसले, तेवढ्यानं माझं पोट भरलं.

पोथी हातात घ्यायला मिळाली ती दुर्गाघाटाकडच्या एका घरात. ओळखीतून ओळख निघाली. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेलं मराठी घर. बोलण्यात हिंदी मिसळलेलं, पण पोळीला पोळी आणि वरणाला वरणच म्हणतात. घरच्या काकू ऐंशीच्या पुढच्या. मी वाचनालयाचं सांगितलं तसं त्या काही न बोलता उठल्या, आणि नातवाला माळ्यावर चढवलं. त्यानं एक बासन खाली दिलं. तांबडं कापड उडून विटकरी झालेलं. काकूंनी मांडी घातली, गाठ सोडली, कापडाचं एकेक टोक चारी बाजूंना उलगडलं. आत दोन लाकडी पाट्या, त्यांच्यामध्ये सुटी आडवी पानं. वरच्या पाटीवर कागदाची चिठ्ठी डकवलेली, तिच्यावर ग्रंथाचं नाव आणि पानांची संख्या.

“बघा हो, मोजून बघा,” त्या म्हणाल्या. “आमचे सासरे दर चातुर्मासात मोजत. पानं तेवढीच भरली पाहिजेत.”

मी मोजली नाहीत. हात थरथरत होता. त्यांनी पुन्हा बांधताना दोरी अशी आवळली की त्या हातांच्या वयाचं मला आश्चर्य वाटलं. पोथी लिहून झाल्यावर लेखक शेवटी विनवणी लिहून ठेवत: तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा. तेल आणि पाणी मला समजत होतं. सैल बांधणी म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. सैल राहिलं की पानं आपापसांत घासतात, कडा झडतात, मधे हवा आणि कसर शिरते. घट्ट बांधलेली पानं एकमेकांना सांभाळतात.

“अठ्ठ्याहत्तर साली गल्लीत नाव चालत होती,” काकू म्हणाल्या. “पाणी वाढतंय म्हटलं की आधी पोथ्या वर, मग पिठाचे डबे.”

“पीठ नंतर?”

“पीठ परत दळून मिळतं की.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घाटावर आले तेव्हा आणखी तीन पायऱ्या निघाल्या होत्या. पिशवीत ‘माझा प्रवास’ होतं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत फिरले, सगळं सोसून गंगेची कावड घरी घेऊन आले आणि पुढे तो प्रवास लिहिला. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी तो आपला हात फिरवून छापला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी तो पुन्हा सिद्ध केला, १९६६ साली. माझ्या पिशवीतलं पुस्तक ती पोतदारांची प्रत. आमच्या वाचनालयाची.

२०१९ च्या जुलैत मी ती घरी नेली होती. आतल्या चिठ्ठीवर परतीची तारीख १४ ऑगस्ट आहे. त्या तारखेला वाचनालयात परत देण्यासारखी जागाच उरली नव्हती. पुरानंतर आम्ही गावात सूचना लावली की ज्यांच्याकडे पुस्तकं आहेत त्यांनी ती कोरड्या जागी जपून ठेवावीत, इमारत झाली की आणून द्यावीत. त्यामुळे एक गोष्ट घडली जी कुणी योजली नव्हती. कपाटात कुलूपबंद असलेलं गेलं. गावाच्या उंच अंगाला वाचकांच्या घरी गेलेलं राहिलं. उशाखाली, देवघराच्या फळीवर, एसटी कंडक्टरच्या बॅगेत. माझं रजिस्टर पाहिलं तर काही पानांवर शेऱ्यांच्या रकान्यात ‘पुरात गेले’च्या मधेमधे ‘वाचकाकडे’ असं लिहिलेलं दिसतं, आणि त्या शब्दाशी डोळा थांबतो.

तेवढ्यात ग्रंथपालाचा फोन आला. मागे हातोडीचा आवाज येत होता.

“बाई, वरच्या मांडण्या बसल्या. एक विचारायचं होतं. काल मीटिंगमध्ये पुन्हा निघालं. संगणकावर यादी चढवतोच आहोत, तर जी पुस्तकं आहेत तेवढीच घेऊ, आणि क्रमांक एकपासून सुरू करू, असं बरेच जण म्हणतात. गेलेल्यांची नावं कशाला ओढत न्यायची? नवी इमारत, नवी सुरुवात.”

“तुला काय वाटतं?”

तो थांबला. शाळेत उत्तर येत असूनही असाच थांबायचा.

“नवे क्रमांक दिले तर आतल्या पानावरचा शिक्का खोटा पडेल. दोन वर्षं तोच वाचत बसलो होतो आपण.”

मग मी त्याला कवींद्राचार्यांच्या यादीचं सांगितलं, थोडक्यात, फोनवर सांगता येईल तेवढं. बिकानेरला गेलेल्या पोथ्यांचं सांगितलं. काकूंचं सांगितलं नाही. ते समोर बसूनच सांगायचं आहे. म्हटलं, सगळे क्रमांक चढव. जे गेले तेही, त्यांच्या शेऱ्यासकट. जिथं नाव वाचता आलं नाही तिथं क्रमांक लिहून जागा कोरी ठेव. उद्या रद्दीवाल्याकडे, कुणाच्या माळ्यावर, दुसऱ्या गावच्या प्रदर्शनात आमचा शिक्का असलेलं एखादं पुस्तक निघालं, तर त्याला परत यायला जागा पाहिजे. नवीन खरेदी जुन्या शेवटच्या क्रमांकाच्या पुढून. मीटिंगमध्ये मी आल्यावर बोलेन, तोवर तू बोल.

“बोलतो,” तो म्हणाला. “आणि बाई, ‘वाचकाकडे’वाल्यांना फोन करायला घेतलेत. तुमच्याकडेही एक दिसतंय.”

“माझ्याजवळच आहे आत्ता.”

“क्रमांक सांगता? ताडून घेतो.”

मी पुस्तक मांडीवर घेतलं. पहिलं पान न उघडता थेट ते ठरलेलं आतलं पान काढलं. गोल शिक्का थोडा तिरका पडलेला, शाई जांभळी, मधे टाकानं लिहिलेला आकडा. मी एकेक अंक सावकाश सांगितला. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. तो संगणकावर पाहत नव्हता, रजिस्टरच काढलं होतं त्यानं.

“सापडलं. तुमचंच अक्षर आहे. शेरा बदलू का? ‘परत आले’ लिहू?”

खाली पंप पुन्हा सुरू झाला.

“आत्ता नको,” मी म्हटलं. “मी येईन, पुस्तक मांडणीत आपल्या जागी लावेन. मग लिही.”